चार महिन्यांनी दिसणारा माल

मृगाचा पहिला शिडकावा होण्याआधीच जालन्याच्या मोंढ्यात गर्दी वाढायला लागते. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर इथून माणसं येतात, शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडून देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाकडचीही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरला टेकून माणूस पाकीट उलटंसुलटं करतो, शेजाऱ्याला मागच्या साली कोणत्या वाणानं किती उतारा दिला ते दुकानदाराला ऐकवतो, उधारीचा विषय काढून बघतो आणि शेवटी पाकीट न फोडताच पैसे मोजतो. फोडून तरी काय दिसणार? औषध चोळलेले लाल-निळे दाणे. खरं बी आणि भेसळीचं बी तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं, तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

याच शहराच्या एमआयडीसीत लोखंडी सळई तयार होते. सळई घेणाऱ्याला ती तोलता येते, वाकवून बघता येते, शंका आली तर तुकडा कापून तपासायला देता येतो. बियाणं घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. उगवण आठवड्यानं कळते, जात खरी की खोटी ते फुलोऱ्यात आणि उतारा चार महिन्यांनी. तोवर खत, मजुरी, पाऊस आणि वर्ष, सगळं खर्ची पडलेलं असतं. असा माल विकणाऱ्या धंद्याला भांडवलाच्या आधी नाव लागतं. जालन्यात हे नाव ज्यांनी पहिल्यांदा कमावलं, त्या बद्रीनारायण बारवाले यांच्याविषयी हा लेख आहे. सरकारदरबारी ते स्वातंत्र्यसैनिक, जगाच्या लेखी वर्ल्ड फूड प्राइझचे मानकरी आणि शेतकऱ्याच्या लेखी ‘महिको’चे मालक. या तीन ओळखी एकमेकींत सहज बसत नाहीत, आणि त्यांच्याविषयी लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच.

बारवाल्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९३१ चा, हिंगोलीचा. हिंगोली काय, जालना काय, तेव्हा दोन्ही निजामाच्या राज्यात. नव्या पिढीला हे नकाशावर दाखवावं लागतं, पण त्या वेळच्या माणसाला ती सरहद्द रोज जाणवायची. जालन्याहून तीसेक किलोमीटरवरचं देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. इकडे शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा अंमल. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे आली, तशी जालन्याची बाजारपेठ फुगली. कापूस, धान्य, सराफा, सगळं इथं उतरायचं आणि इथूनच चढायचं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या सुबत्तेची आहे. ती व्यापाऱ्यांनीच रूढ केली असावी, कारण शेतमजुराला या पाळण्यात कुणी निजवल्याचं ऐकिवात नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान झालं नाही. त्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्टला, हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी सत्याग्रह पुकारला होता. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. तिरंगा लावणं हा गुन्हा ठरला. पुढचे तेरा महिने मराठवाड्यातली जुनी माणसं आजही ‘रझाकारी’ या एकाच शब्दात सांगतात. निजामाच्या बाजूनं उतरलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं पळवली, मारली. जालन्यातले जनार्दन मामा नागापूरकर या लढ्यात हुतात्मा झाले. लढ्याची एक बाजू तुरुंग भरणारी होती, तर दुसरी सरहद्दीलगतच्या वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर या पट्ट्यातल्या सशस्त्र कॅम्पांची. करोडगिरीचे नाके लुटणं, दळणवळण तोडणं ही कॅम्पांची कामं. बद्रीनारायण विद्यार्थिदशेत होते. लढ्यात उतरले आणि तुरुंगात गेले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १५ तारखेपर्यंत जालना त्यांच्या ताब्यात आलं होतं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. इतिहासाच्या पुस्तकात याला ऑपरेशन पोलो म्हणतात, मराठवाड्यात मात्र ‘पोलीस ॲक्शन’. बद्रीनारायण तेव्हा सतरा वर्षांचे होते.

मुक्तिलढ्यातली पुष्कळ माणसं पुढं राजकारणात गेली. काही आमदार झाली, काहींनी शाळा काढल्या, काही वकिलीकडे वळली, काही आयुष्यभर खादी घालून उपेक्षित राहिली आणि शेवटच्या काळात पेन्शनच्या कागदांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसली. तुरुंगात जाऊन आलेल्या जालन्याच्या पोरापुढं या सगळ्या वाटा होत्या. त्यानं बी विकायचं ठरवलं. ही उडी कुणाला खालची वाटू शकते. मला ती त्या लढ्यापेक्षा अवघड वाटते, कारण लढ्यात शत्रू तरी समोर दिसत होता.

बी विकणं ही त्या काळी मुळात नीट कल्पनाच नव्हती. बी घरचं असायचं. खळ्यावर भरदार कणसं बाजूला काढून, राखेत घोळून, गाडग्यात किंवा कणगीत ठेवायची. हे काम बहुधा घरच्या बाईचं. अडल्यानडल्याला शेजाऱ्याकडून सवाईनं किंवा दिढीनं आणायचं. भाजीपाल्याचं बी बाजारात मिळायचं, पण ते कुठून आलं आणि कोणत्या जातीचं निघेल ते पेरणाऱ्याच्या नशिबावर. अशा ठिकाणी पैसे मागून बी देणाऱ्यानं घरच्या बियाण्यापेक्षा काहीतरी जास्त द्यायला हवं होतं.

ते जास्तीचं भेंडीत सापडलं. भेंडीवर हळद्या नावाचा रोग पडतो. पांढरी माशी विषाणू आणते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, मग फळही पिवळट आणि निबर. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, ज्याला सगळे ‘पुसा’ म्हणतात, बंगालकडची एक भेंडी आणि पुसा मखमली यांच्या संकरातून पन्नाशीच्या दशकात ‘पुसा सावनी’ ही जात निघाली. ती हळद्याला बऱ्यापैकी दाद देत नसे. बारवाल्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला या जातीचं बी आपल्या शेतात वाढवलं आणि विकायला काढलं.

इथं जरा थांबायला हवं, कारण पुढं जे काही झालं त्याचं मूळ इथं आहे. पुसा सावनी ही सरळ जात होती, संकरित वाण नव्हता. म्हणजे शेतकऱ्यानं एकदा बी घेतलं, दोन झाडांची फळं वाळवली, की पुढच्या वर्षी त्याला दुकानाची पायरी चढायचं काही कारण नव्हतं. जातही बारवाल्यांची नव्हती, सरकारी संस्थेनं काढलेली. म्हणजे त्यांनी विकलं काय? शुद्धता. भेंडीचं फूल तसं स्वतःच्याच परागानं फळतं, पण मधमाशी मधे पडली की शेजारच्या गावठी भेंडीचा पराग येतो आणि जात फाटते. म्हणून बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या भेंडीपासून किमान दोनशे मीटर लांब ठेवायचा. रोज फिरून वेगळं दिसणारं झाड उपटायचं. फळं झाडावर पूर्ण वाळू द्यायची, आणि ओलं बी पोत्यात भरायचा मोह टाळायचा. यात शोध असा काहीच नाही, शिस्त मात्र आहे. आणि नुसती शिस्तही बाजारात विकता येते, हे त्या वेळी मराठवाड्यात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

पुसा सावनीचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकतो. विषाणू बदलला आणि ती जात हळद्याला बळी पडू लागली. मग परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचाच एका रानभेंडीशी संकर केला. त्यातून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ आली. ही भेंडी देशभर लागली. जालन्यात ज्या जातीवर धंदा उभा राहिला, तिची लेक परभणीत जन्मली. मराठवाडा मागासलेला म्हणून रडगाणं गाणाऱ्यांच्या वहीत ही नोंद सहसा नसते.

भेंडीवर घर चालतं, कंपनी उभी राहत नाही. कंपनी उभी राहिली ती ज्वारीवर. हायब्रीड मका १९६१ मध्ये आला, राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये स्थापन झालं, आणि १९६४ मध्ये देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, बाहेर पडला. त्याच वर्षी जालन्यात ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी’, म्हणजे महिको, सुरू झाली. पुढच्याच वर्षी बाजरीचा एचबी-१ आला. या सगळ्या कार्यक्रमामागं रॉकफेलर फाउंडेशनचे तज्ज्ञ आणि भारतीय संशोधक एकत्र होते, आणि बारवाल्यांनी त्यांच्याकडून हायब्रीड बीजोत्पादनाचं तंत्र उचललं. महाराष्ट्रात तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते १९६५ मध्ये शनिवारवाड्यावर जाहीरपणे बोलले होते. हायब्रीड ज्वारी हा त्यांच्या त्या पैजेचा हुकमी पत्ता होता. पण पत्ता टाकायला बी लागतं, आणि सरकारी यंत्रणेला एवढं बी तयार करणं झेपत नव्हतं.

हायब्रीड ज्वारीचं बी करणं किती किचकट असतं, ते एकदा शेतात उभं राहून बघावं. मादी म्हणून जी ज्वारी लावतात तिच्यात पराग वांझ असतो. सीएसएच-१ मध्ये ती होती सीके-६० ए ही अमेरिकेहून आलेली ओळ, आणि नर होता आयएस-८४. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, पुन्हा चार, पुन्हा दोन, असं अख्खं शेत. दोघं एकाच वेळी फुलोऱ्यात आले पाहिजेत. नर मागं राहिला तर त्याला युरिया द्या, पुढं गेला तर मादीला ओढा. बांधावर बरू वाढला असेल तर तो ज्वारीचाच भाऊबंद, त्याचा पराग येऊन सगळं नासवतो, म्हणून बरू खणून काढा. मादीच्या ओळीत एखादं ताट पराग झाडताना दिसलं, तर सकाळी उन्हं चढायच्या आत उपटा, दुपारी उपटून उपयोग नाही. शेवटी नराच्या ओळी आधी कापून बाहेर काढा आणि मगच मादीला हात लावा. मादीचं कणीस म्हणजे विकायचं बी. आणि ही मादी ओळ जिवंत ठेवायला तिच्या जोडीदार ओळीशी संकर करणारा आणखी एक वेगळा प्लॉट, तोही सगळ्यांपासून लांब.

हे सगळं एका मालकाच्या रानात होत नाही. बारवाल्यांनी ते शेतकऱ्यांच्या रानात नेलं. कंपनीनं नर-मादीचं मूळ बी द्यायचं, सुपरवायझरनं शेतावर फिरायचं, शेतकऱ्यानं सांगितल्याप्रमाणे करायचं आणि ठरलेल्या भावानं कंपनीनं माल उचलायचा. ज्वारीच्या बाजारभावापेक्षा बियाण्याला जास्त पैसे मिळतात म्हणून शेतकरी यात उतरला. जालना, भोकरदन, जाफराबाद, देऊळगाव राजा या पट्ट्यात विहिरीचं पाणी, कोरडी हवा आणि मेहनती कुणबी घरं होती. बियाण्याला हेच लागतं. फुलोऱ्यात आणि काढणीला पाऊस नको, पण मुळाशी पाणी हवं. दुष्काळी म्हणून हिणवलेलं हवामान इथं कामी आलं.

हायब्रीडचं सगळ्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं, असं मात्र नाही. गावरान ज्वारी डोक्याच्या वर जायची, ही कमरेला. मग कडब्याचं काय? बैल काय खाणार? ती शंभर-एकशेदहा दिवसांत निसवून भरायची आणि नेमकी परतीच्या पावसात सापडायची. दाणा काळा पडायचा, बाजारात भाव पडायचा. भाकरीला चव नाही, ही तक्रार तर मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत केली. पेरणीला उशीर झाला की खोडमाशी पोंगा खाऊन टाकायची. बाजरीच्या एचबी वाणांवर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोग असा काही पसरला की देशाचं बाजरीचं उत्पादन कोसळलं. एकाच मादी ओळीवर सगळे वाण उभे होते. ती रोगाला बळी पडली तेव्हा सगळेच पडले. दुसऱ्याच्या ओळींवर जन्मभर चालता येत नाही, हा धडा कंपन्यांनी त्यातून घेतला. महिकोनं स्वतःचं संशोधन उभं केलं. औरंगाबाद रस्त्यावर दावलवाडीला संशोधन केंद्र आलं आणि एमबीएच-११० सारखी त्यांची बाजरी शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. या उभारणीत लेक उषा बारवाले झेहर यांचा वाटा मोठा आहे. त्या अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकून आल्या आणि कंपनीचं जैवतंत्रज्ञान त्यांनी सांभाळलं.

एक कंपनी उभी राहिली की तिच्यातून शिकलेली माणसं, तिच्याकडे बघून हिंमत धरलेले व्यापारी आणि तिच्यासाठी बी करणारे शेतकरी यांच्यातून दुसऱ्या कंपन्या जन्मतात. बेजो शीतल, कृषीधन, कलश, अशी नावं जालन्यात वाढत गेली. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून तुटून जालना जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याला सांगण्यासारखी ओळख तयार होती. आज देशाची बियाण्याची राजधानी म्हणून जालना मिरवतं. ते मिरवणं साठच्या दशकातल्या त्या भेंडीच्या वाफ्यांवर उभं आहे.

आता शेडनेटकडे वळू. जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात रस्त्यावरून जाताना हिरव्या-पांढऱ्या जाळीची घरं दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी, कारली. भाजीसाठी नव्हे, बियाण्यासाठी. ज्वारीसारखी वांझ मादी यातल्या बऱ्याच पिकांत वापरात नसते, म्हणून संकर हातानं करावा लागतो. मिरची-टोमॅटोत आदल्या दिवशी उमलायच्या बेतात असलेली मादीची कळी चिमट्यानं सोलून पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग त्यावर टेकवायचा आणि खुणेसाठी धागा बांधायचा. कापसातही हेच. सूरतला सी. टी. पटेलांनी १९७० मध्ये एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला, तेव्हापासून लाखो फुलं अशी हातानं सोलली जातात. हे काम बहुतेक बायका करतात. बोटं बारीक, नजर पक्की आणि मजुरी पुरुषांपेक्षा कमी, हे तिसरं कारण कुणी मोठ्यानं सांगत नाही. खुणेचा धागा नसलेलं एखादं फळ चुकून टोपलीत पडलं, तर अख्ख्या लॉटची शुद्धता खाली येते.

माल कंपनीत जातो, मग ‘जीओटी’ होते. लॉटमधलं थोडं बी वेगळ्या रानात लावून झाडं मोजतात, किती खरी आणि किती भेसळीची. निकाल यायला महिने जातात. प्लॉट ‘पास’ झाला तर पैसे, ‘फेल’ गेला तर बी भाजीच्या भावातही जात नाही. मोंढ्यात शेतकऱ्यानं आंधळेपणानं पाकीट घ्यायचं आणि इकडे बीजोत्पादकानं आंधळेपणानं निकालाची वाट बघायची. विश्वासाचा हा धंदा दोन्ही टोकांना शेतकऱ्याच्याच भरवशावर चालतो, आणि मधे कंपनी.

१९६६ च्या बियाणे कायद्यानं या विश्वासाला थोडा कागदी आधार दिला. पाकिटावर उगवणशक्ती छापणं आलं. ज्वारीला किमान ७५ टक्के, भेंडीला ६५. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी, पायाभूतला पांढरी, पैदासकाराच्या बियाण्याला सोनेरी पिवळी. पण प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवलं. कंपनीनं स्वतः लिहिलेलं लेबल खरं मानायचं, अशी ती रचना. सरकारचं स्वतःचं महाबीज १९७६ मध्ये अकोल्यात आलं. तोपर्यंत खासगी बियाण्याची घडी बसून गेली होती.

१९९८ मध्ये बारवाल्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार त्याआधी स्वामिनाथन, वर्गीज कुरियन आणि गुरदेव खुश या भारतीयांना मिळाला होता. त्या रांगेत स्वामिनाथन आणि खुश शास्त्रज्ञ, कुरियन सहकाराचे. बारवाले व्यापारी. पुरस्काराचं ठिकाण आयोवा राज्यातलं दे मॉइन. याच गावात हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये हायब्रीड मक्याची कंपनी काढली. ती पुढं पायोनिअर झाली आणि वॉलेस आधी कृषिमंत्री, मग अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. ते बियाण्यातून राजकारणात गेले, बारवाले राजकारणाच्या उंबरठ्यावरून बियाण्यात आले. २००१ मध्ये पद्मभूषण मिळालं.

त्याच १९९८ साली अमेरिकन मोन्सॅन्टोनं महिकोचे २६ टक्के समभाग घेतले आणि महिको-मोन्सॅन्टो बायोटेक ही भागीदारी झाली. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या समितीनं बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला मान्यता दिली. पहिले वाण महिकोचेच होते, मेक-१२, मेक-१६२, मेक-१८४. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशे रुपये, आणि त्यातला मोठा हिस्सा जनुकाच्या हक्काचा. आंध्र सरकारनं २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा कुठं किंमत साडेसातशेवर आली. हिरवी बोंडअळी बीटीनं खरोखर आवरली आणि सुरुवातीला फवारण्याही कमी झाल्या. गुलाबी अळी मात्र ते हळूहळू पचवायला शिकली. पाकिटाबरोबर नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पुडी असायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीला प्रतिकार यायला उशीर लागतो. बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये बियाण्याची कृत्रिम टंचाई केल्याचा ठपका ठेवून राज्य सरकारनं महिकोचा बीटी कापूस विक्रीचा परवाना रद्द केला. बीटी वांग्यावर केंद्रानं फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आणली. तेच वांगं बांगलादेशानं २०१३ मध्ये स्वीकारलं.

बारवाले २४ जुलै २०१७ ला गेले. त्याच खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा आणि विदर्भातल्या कापसाची वाट लावली, आणि यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. या संकटांचा आणि त्यांच्या जाण्याचा एकमेकांशी थेट संबंध जोडणं चुकीचं ठरेल. पण शोकसभा आणि पंचनामे एकाच हंगामात झाले, हे नजरेआड करून त्यांच्यावर लिहिणंही चुकीचंच.

बीटीनं शेतकऱ्याला बियाण्याचा गुलाम केलं, असं भाषणात नेहमी ऐकू येतं. मला हे अर्धवट वाटतं. दरवर्षी बी विकत घ्यायची सवय बीटीनं लावलेली नाही, ती १९६४ मध्ये सीएसएच-१ नं लावली. हायब्रीडचं घरी राखलेलं बी दुसऱ्या वर्षी फाटतं. एक ताट आजोबासारखं, एक आजीसारखं, तिसरं कुणासारखंच नाही, आणि उतारा उतरतो. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, अदलाबदलीचा, बिनाब्रँड विकण्याचाही हक्क दिला आहे. हायब्रीडच्या बाबतीत हा हक्क कागदावर शाबूत आणि रानात निरुपयोगी. आणि हायब्रीडला तेव्हा सरकार, विद्यापीठं, परदेशी देणगीदार आणि भुकेला देश, सगळ्यांनी मिळून बोलावलं होतं. बारवाल्यांनी ते दारापर्यंत पोचवलं. पुसा सावनीपासून बीटीपर्यंतच्या चाळीस वर्षांत शेतकऱ्याची कणगी रिकामी झाली आणि पोतं भरलं, आणि दोन्हीला बारवाले साक्षीदार होते, किंबहुना कर्ते होते. राजकीय मुक्तीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हातून हे घडलं, म्हणून कुणी त्यात विसंगती शोधेल. मला ती दिसत नाही. निजामाच्या राज्यात कर्ज, दुष्काळ आणि भूक बघितलेल्या पिढीला पोतं भरणं हीच पुढची लढाई वाटली असणार, आणि १९६५-६६ च्या दुष्काळात ती खोटी नव्हती.

खोटं पडलं ते पुढं, जेव्हा धंद्याचा केंद्रबिंदू शिस्तीवरून मालकीकडे सरकला. भेंडीच्या काळात कंपनी सांगत होती की आमचं बी खरं आहे. बीटीच्या काळात ती सांगू लागली की हे जनुक आमचं आहे. पहिल्या वाक्यावर शेतकऱ्यानं तीस वर्षं पैसे टाकले. दुसऱ्यावर त्यानं पैसे टाकले तेही, पण कुरकुरत, आणि कोर्टकचेरीच्या बातम्या वाचत.

सन्मानाच्या खुणा जालन्यात आहेत. बद्रीनारायण बारवाले महाविद्यालय आहे. त्यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय आहे, जिथं मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातली माणसं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येतात. देऊळगाव राजाकडची शेडनेटमध्ये डोळे घालून बसणारी बाई चाळिशीनंतर तिथंच येत असेल. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, स्वातंत्र्यसैनिकांची नावं घेतली जातात. ही यादी दरवर्षी आखूड होते.

याहून मोठा सन्मान करायची जिल्ह्याची इच्छा असेल, तर तो बीजोत्पादकाच्या करारात करता येईल. प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर छापलेला असतो. त्या नंबरवरून कंपनीला गाव, गट नंबर, शेतकरी, सगळं सापडतं. म्हणूनच भेसळ निघाली की कुणाचा प्लॉट ते दुसऱ्या दिवशी कळतं. मग जीओटीचा निकालही त्याच नंबरनं, लेखी, ठरलेल्या तारखेला त्या शेतकऱ्याच्या हाती का पडू नये? फेल असेल तर कोणती झाडं भेसळीची निघाली ते त्याला रानात नेऊन का दाखवू नये? पास असेल तर पैसे पेरणीच्या आत का मिळू नयेत? बियाण्याची राजधानी म्हणवणाऱ्या शहराला हे अवघड नाही. सरकारनं नियम करण्याची वाट बघायचीही गरज नाही. जालन्यातल्या कंपन्यांनी एकत्र बसून येत्या हंगामाच्या करारात एक कलम घातलं तरी पुरे.